अदृश्य अग्नी आणि गृहस्थाचे दायित्व

घरातील अग्नी डोळ्यांआड गेला म्हणजे त्याच्याविषयीचे गृहस्थाचे दायित्वही संपते काय, हा प्रश्न वरकरणी केवळ धर्मशास्त्राचा वाटत असला तरी तो तंत्रज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचाही आहे. अमेरिकेतील माँटाना विद्यापीठात अध्यापन केलेले तत्त्वज्ञ आल्बर्ट बोर्गमन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेक्नॉलॉजी अँड द कॅरेक्टर ऑफ कंटेम्पररी लाइफ’ या ग्रंथात लाकडावर चालणारी शेगडी आणि मध्यवर्ती तापनयंत्रणा, म्हणजे एकाच ठिकाणी उष्णता निर्माण करून ती साऱ्या घरात पोहोचवणारी व्यवस्था, यांची तुलना केली आहे. वडिलांनी लाकडे फोडावीत, आईने पहाटे विस्तव पेटवावा, मुलांनी जळणाची पेटी भरलेली ठेवावी, अशा कामांच्या वाटणीतून कुटुंबाला आकार येत असे. यंत्रणा आल्यावर ऊब तेवढी हाती राहिली आणि ती निर्माण करणारे सारे काही नजरेआड गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मोलाचे आहे, पण अपुरे आहे, कारण कुटुंबाने काय गमावले यावरच त्याचा भर आहे आणि नजरेआड गेलेला अग्नी तेथे काय करीत राहतो याकडे त्याचे लक्ष कमी आहे.

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, विशेषतः मेनमध्ये, जेथे तेलावर घर तापवणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण त्या देशात सर्वाधिक आहे, हा अग्नी बहुधा तळघरातील बॉयलरमध्ये, म्हणजे पाणी तापवणाऱ्या यंत्रात, असतो. सुमारे हजार लिटरच्या टाकीतून येणारे तेल पंपाच्या दाबाने एका बारीक तोटीतून तुषारांच्या रूपाने बाहेर पडते, पंखा त्यात हवा मिसळतो, विद्युत ठिणगी ते पेटवते आणि त्या ज्वाळेने तापलेले पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतून फिरते. ज्वाळेसमोर प्रकाशाची जाणीव होणारा एक लहानसा घटक बसवलेला असतो. ठरावीक सेकंदांत त्याला उजेड दिसला नाही तर नियंत्रक तेलाचा पुरवठा बंद करतो. अग्नीवर नजर ठेवण्याचे काम अशा रीतीने यंत्राने स्वीकारले आहे, परंतु तो का पेटला नाही हे शोधण्याचे काम त्याने स्वीकारलेले नाही. नियंत्रकावर एक लाल बटण असते आणि कडाक्याच्या थंडीत घर गार पडले की ते पुनःपुन्हा दाबण्याचा मोह होतो. प्रत्येक वेळी न जळलेले तेल ज्वलनकक्षात साचत जाते, आणि अखेर ठिणगी पडली की ते सारे एकदम भडकून घरभर काजळी पसरते. म्हणून बटण एकदा दाबूनही अग्नी पेटला नाही तर तंत्रज्ञाला बोलवावे, असा नियम आहे.

या अग्नीची स्थापनाही विचारपूर्वक करावी लागते. घरातून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब न करता, जास्त असलेले बरे म्हणून गरजेपेक्षा मोठा बॉयलर बसवला तर तो सतत चालू-बंद होत राहतो आणि तेल वाया जाते. वार्षिक तपासणीत तोटी व गाळणी बदलतात, धुराच्या वाटा घासून स्वच्छ करतात आणि मग धुराड्याकडे जाणारा वायू हातपंपाने पांढऱ्या गाळणकागदातून ओढून त्यावर उमटलेला डाग शून्य ते नऊ अशा छटांच्या पट्टीशी ताडून पाहतात. डाग काळा असला तर ज्वलन अपुरे आहे हे कळते. मात्र कार्बन मोनॉक्साइड हा रंग व गंध नसलेला विषारी वायू डोळ्यांना दिसतच नाही, त्याच्यासाठी वेगळे मापनयंत्र लागते.

आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहापासून गृह्य अग्नीची, म्हणजे घरगुती विधींसाठी सतत राखलेल्या अग्नीची, सेवा गृहस्थाने स्वतः करावी, अथवा पत्नी, पुत्र, कुमारी किंवा शिष्याने करावी, असे सांगितले आहे. काम दुसऱ्याकडे सोपवण्यास येथे मुभा आहे, पण ती घराच्या वर्तुळातच. श्रौत, म्हणजे वेदोक्त मोठ्या, यज्ञांत ते वर्तुळ रुंदावते, कारण तेथे ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, दक्षिणा देऊन नेमलेले असतात. तरीही जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील निर्णय असा की कर्माचे फळ ज्याच्या संकल्पाने ते घडले त्या यजमानाचेच असते. तपासणीला आलेला तंत्रज्ञ आपल्या कामाच्या प्रामाणिकपणाला बांधलेला आहे, यात शंका नाही. पण फळाचा हा न्याय मान्य केला तर ऊब यजमानाची आणि दोष मात्र पगारी माणसाचा, अशी वाटणी करता येणार नाही.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील पंचसूनांची कल्पना तर याहून थेट आहे. सूना म्हणजे जीवहिंसेचे स्थान. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे ही गृहस्थाची अशी पाच स्थाने मानली असून त्यांच्या दोषनिवारणासाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्या ग्रंथातील अनेक विधाने आज त्याज्य ठरली आहेत आणि ती तशी ठरणे न्याय्यच आहे, परंतु चुलीत न कळत मेलेला किडाही गृहस्थाच्या हिशेबी धरणारी ही दृष्टी टाकून देण्याजोगी नाही. या दृष्टीने पाहता, एक लिटर तेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि टाकी गळली तर तेल जमिनीत व विहिरीच्या पाण्यात उतरते, हे दोष दिसत नाहीत एवढ्याने ते परके ठरत नाहीत. कुटुंबाचे जे एकत्र येणे हरपल्याची हळहळ बोर्गमन यांनी व्यक्त केली ते तळघरातील बॉयलर परत आणू शकणार नाही. पण दायित्व शेगडीबरोबर गेले, असा निष्कर्ष त्यातून कोणी काढला तर तो चुकीचा होय.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागात, स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी असा बॉयलर असेल त्यांनी हिवाळा लागण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे, आणि तंत्रज्ञ येईल त्या दिवशी वरच्या मजल्यावर न थांबता खाली उतरून त्या कागदावरचा डाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.