अन्यायी धन्याची चाकरी कधीं सोडावी?

अन्यायी धन्याच्या चाकरींत असलेल्या सज्जनानें काय करावें? तेथेंच राहून होईल तितकें वाईट थोपवावें, कीं उठून बाहेर पडावें? हा प्रश्न जुना आहे, आणि लहान हुद्द्याच्या मनुष्यासही तो चुकत नाहीं. त्याचा विचार करण्यास जर्मन देशांतील एका मुत्सद्द्याचें चरित्र आम्हांस उपयोगी वाटतें.

कार्ल गोर्डेलर यांचा जन्म १८८४ सालीं प्रशियांतील एका प्रॉटेस्टंट कुटुंबांत झाला. जुनी रीत, कायदा व शिस्त मानणारे ते पुराणमतवादी गृहस्थ होते. १९३० सालीं ते लाइपझिग शहराचे नगराध्यक्ष झाले. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता गेली, तेव्हां ते त्याच्या पक्षांत शिरले नाहींत; पण त्यांनीं जागाही सोडली नाहीं. आपण आंत राहिलों तर कारभार नीट चालेल व राज्यकर्त्यांस चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतां येतील, असा त्यांचा भरंवसा होता.

ह्या भरंवशास आम्ही हंसत नाहीं. ओबद्या हा दुष्ट अहाब राजाच्या घरचा कारभारी होता. आणि तेथें राहूनच त्यानें शंभर संदेष्टे गुहांत लपवून अन्नपाण्यानें पोसिले. तेव्हां वाईट धन्याच्या घरीं राहणें हेंच पाप, असें म्हणतां येत नाहीं. परंतु ओबद्याच्या राहण्यानें जीव वाचत होते. खरी कसोटी हीच.

ती गोर्डेलर यांस लावून पाहूं. १९३३ च्या एप्रिलांत यहूदी दुकानांवर बहिष्कार पुकारण्यांत आला, तेव्हां ते अधिकाराचा पोशाख चढवून त्यांच्या रक्षणास स्वतः पुढें झाले. येथवर ते ओबद्याच होते. पण १९३५ सालीं पक्षाच्या लोकांनीं दाब घातला, तेव्हां यहूदी डॉक्टरांस सार्वजनिक आजारविम्याच्या कामांतून वगळण्याचा हुकूम त्यांनीं अंमलांत आणला. मन नाराज होतें, तरी हात त्यांचाच होता.

लाइपझिगच्या संगीतगृहापुढें मेंडेलसन या संगीतकाराचा पुतळा होता. मेंडेलसन जन्मानें यहूदी, पण १८१६ सालीं, बालपणींच, त्याचा बाप्तिस्मा झाला होता. एलीयाच्या चरित्रावरील प्रसिद्ध संगीतरचना त्याचीच, आणि तींत ओबद्याही गातो. राज्यकर्त्यांस त्याचा बाप्तिस्मा दिसला नाहीं, जन्म तेवढा दिसला. नोव्हेंबर १९३६ मध्यें गोर्डेलर परदेशीं असतां त्यांच्या दुय्यमानें तो पुतळा काढविला. तो पुन्हां बसवावा ही त्यांची मागणी कोणी मानिली नाहीं, म्हणून १९३७ च्या मार्चअखेर त्यांनीं पद सोडलें. पुढें ते हिटलरविरुद्ध उठलेल्या मंडळीचे पुढारी झाले. २० जुलै १९४४ चा बेत साधता, तर मुख्य प्रधान तेच व्हावयाचे होते. बेत फसला, आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजीं बर्लिन येथें त्यांस फांशी देण्यांत आलें.

कोणी विचारील, जिवंत डॉक्टरांसाठीं न सोडलेली जागा पुतळ्यासाठीं कां सोडली? आमच्या मतें, मनुष्य थोडें देऊन बाकीचें राखूं पाहतो, आणि देतां देतां राखावयास कांहीं उरत नाहीं. पुतळा गेला तेव्हां उघड झालें कीं त्या घरांत गोर्डेलर यांचें नांव तेवढें राहिलें होतें, सत्ता दुसऱ्याची झाली होती. हें कळल्यावर त्यांनीं घर सोडलें व शेवटीं प्राणही दिला, हा त्यांचा मोठेपणा. तो आम्ही कमी लेखीत नाहीं. पण मेंडेलसनचा पुतळा २००८ सालीं लाइपझिगांत पुन्हां उभा राहिला. डॉक्टरांवर झालेला अन्याय असा पुन्हां ओतून नीट करतां येत नाहीं.

म्हणून, प्रिय वाचकहो, ज्यास दुसऱ्याच्या हुकमाखालीं काम करावें लागतें त्यानें आपणांस दोन प्रश्न विचारावे. माझ्या येथें राहण्यानें कोणाचें रक्षण होतें? आणि माझ्या हातून कोणतें काम कधींही होणार नाहीं? दुसऱ्याचें उत्तर दाब येण्यापूर्वींच ठरवून ठेवावें. दाब आल्यावर मनाला सबबी फार लवकर सुचतात.