लागलेला नेम

लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरवर बसणाऱ्याचा बराचसा वेळ लढण्यापेक्षा बिघाड शोधण्यात जातो. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमधलं एफ/ए-१८ हॉर्नेट घ्या. बॉम्ब सुटतच नाही, तेव्हा मास्टर आर्म, म्हणजे शस्त्रांचा मुख्य स्विच, बंद राहिला आहे का ते आधी पाहायचं. सुटला, बरोबर जागेवर पडला, पण फुटला नाही, तर फ्यूज ऑफवर राहून गेलेला असतो. लेझरवर चालणारा बॉम्ब भलतीकडे जातो आणि मागाहून लक्षात येतं, की बॉम्बचा कोड १६८८ होता आणि लेझर दुसऱ्याच कोडवर चालू होता. उड्डाणाआधी आयएनएसचं अलाइनमेंट घाईघाईत अर्धवट सोडलं, तर आपण कुठे आहोत हेच विमानाला चुकीचं कळतं आणि पुढचा सगळा हिशोब त्या चुकीवर चढत जातो. एकेक शक्यता बाजूला काढत, यंत्राला नावं ठेवण्याआधी आपला हात तपासत मुळाशी जाण्याची ही सवय फार मोलाची आहे. पण तिच्यात एक उणीव राहते आणि तिचा विचार धर्माच्या अंगाने करायला हवा. चुकलेल्या नेमाची चौकशी होते, लागलेल्या नेमाची होत नाही. स्फोट दिसला, पडद्यावरचा ठिपका मिटला, की शोध संपला. माझं म्हणणं असं, की हिंसेचा खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी मांडून ठेवला आहे. दशरथाला शब्दवेधी बाण मारता येत असे. लक्ष्य डोळ्यांना दिसायची गरज नव्हती, आवाजाच्या दिशेने बाण जायचा. शरयूच्या काठी अंधारात घागर बुडाल्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितो आहे असं त्याने धरलं आणि बाण सोडला. आजच्या भाषेत या घटनेचा तपास करायचा म्हटलं तर बिघाड सापडतच नाही. कानाने आवाज टिपला, दिशा अचूक, अंतर अचूक, बाणही लागला. तंत्र म्हणून दशरथ शंभर टक्के उत्तीर्ण झाला. विचारायचा राहिला तो एकच प्रश्न, आवाज कुणाचा? श्रावणबाळाला मारायचा त्याचा हेतू नव्हता, हे रामायण मान्य करतं. तरीही त्याला मोकळं सोडत नाही. आंधळ्या आईबापांचा शाप त्याला भोगावा लागला आणि पुत्रवियोगाने त्याचा अंत झाला. बाण बरोबर लागला हीच तिथे आपत्ती आहे. तो चुकला असता तर कथाच घडली नसती.

हे पुराणातलं म्हणून बाजूला ठेवावं, तर इतिहास तसं करू देत नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराणी प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली, त्यांत ६६ मुलं होती. नौकेवरची एजिस यंत्रणा त्या काळातली अत्यंत प्रगत यंत्रणा होती आणि नंतरच्या चौकशीत निघालं, की विमान वर चढत आहे हे तिने बरोबर नोंदवलं होतं. कक्षात बसलेल्यांनी मात्र ते खाली, आपल्यावर झेपावत येत असल्याचं धरलं. क्षेपणास्त्रांनी आपलं काम चोख केलं. आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. जमिनीवरचा एक नागरिकही गेला. ही मोठी चूक होती, असं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं. आपला की परका एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर चुकलं आणि पुढचं सगळं बरोबर झालं.

शाहूवाडी तालुक्याला तर हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून विशाळगडाकडे निघाले, ती वाट याच तालुक्यातून जाते आणि पावनखिंडही इथलीच. परंपरा सांगते, की महाराजांच्या वेशात पालखीत बसलेला शिवा काशीद वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या माणसांच्या हाती लागला आणि वेढ्यात जल्लोष झाला. सावज सापडलं, मग खात्री कशाला करायची? खरा प्रकार उमगेपर्यंत मौल्यवान वेळ निघून गेला आणि त्या वेळेवर महाराजांनी पुढचं अंतर काटलं. शिवा काशीदचं बलिदान आपण आदराने आठवतो, ते आठवलंच पाहिजे. पण घटकाभर शत्रूच्या बाजूने पाहिलं तर तिथेही तेच दिसतं. हाती लागलेल्या यशाची कुणी चौकशी केली नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. सिम्युलेटरमध्ये मरतं कोण? चित्रातलं विमान पाडलं तर त्यात पाप कसलं? या आक्षेपाला जैन परंपरेत एक जुनं आणि कठोर उत्तर आहे. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये यशस्तिलकात सांगितलेली आणि पुढे कन्नडमध्ये जन्नाने पुन्हा रचलेली यशोधर राजाची कथा अशी : आई पशुबळीचा हट्ट धरते, राजा नाही म्हणतो, शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापला जातो. जीव एकही जात नाही. तरीही मायलेकांना त्यापायी मोर, कुत्रा अशा किती तरी योनींतून फिरावं लागतं. कोंबडा पिठाचा असला तरी कापण्याचा संकल्प पिठाचा नव्हता. ही कथा सिम्युलेटरला जशीच्या तशी लावावी असं मी म्हणणार नाही. यशोधराला खऱ्या बळीचं फळ मिळवायचं होतं. संध्याकाळी स्क्रीनपुढे बसणाऱ्या पोराला कुणाचा जीव नको असतो. त्याला पापी ठरवणं हा अन्यायच. पण कथेतला एक भाग टळत नाही : मनाला लागणारं वळण खरं असतं, समोरची वस्तू खोटी असली तरी. जैन आचार्य उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या जोडीला प्रमाद ठेवला, म्हणजे बेसावध, विकारांच्या अधीन झालेलं मन. सिम्युलेटरमध्ये प्राण जात नाहीत. प्रमाद मात्र तिथे पोसता येतो, तसा आवरताही येतो. बिघाड शोधणारा माणूस तो आवरायलाच शिकत असतो, फक्त अर्ध्या वाटेवर थांबतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रणात शंका काढत बसायला वेळ नसतो. क्षत्रियाने कृती करावी, तर्क नव्हे. इराणी विमान उडाल्यापासून पाडलं जाईपर्यंत जेमतेम सात मिनिटं गेली होती, हे खरंच आहे. पण गीतेची सुरुवात पाहा. अर्जुन धनुष्य उचलतो आणि कृष्णाला सांगतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने, मला कुणाशी लढायचं आहे ते पाहू दे. पुढचा विषाद हा त्या पाहण्यातून आला, आणि त्या विषादाला उत्तर देताना कृष्णाने लढ म्हटलं तरी आंधळेपणाने लढ असं कुठे म्हटलं नाही. पावनखिंडीत बाजीप्रभूही विशाळगडाच्या तोफांचे बार कानांवर पडेपर्यंत झुंजले, असं सांगतात. ठरलेल्या खुणेवर पूर्ण विसंबून लढणाऱ्याला अविचारी कोण म्हणेल? वेळ नसतो म्हणूनच हे वळण आधी लागायला हवं, आणि ते लावायला सिम्युलेटरसारखी जागा नाही. तिथे घड्याळ थांबवता येतं. तीच झडप पुन्हा पुन्हा पाहता येते. खऱ्या रणात वैमानिकाला ही सवड मिळत नाही.

खंडेनवमीला आपण शस्त्रं पुसतो, तेल लावतो, मग हळदकुंकू वाहतो. गंज चढलेलं हत्यार पूजेला ठेवत नाहीत. शस्त्राची निगा ही पूजेचाच भाग आहे, तेव्हा हॉर्नेटचा फ्यूज तपासणाऱ्या मुलाला घरच्यांनी वेळ वाया घालवतोस म्हणून झिडकारू नये. मुलांनो, तुम्हाला मात्र एक विनंती. मोहीम संपली की रेकॉर्डिंग उघडता, सुटलेलं क्षेपणास्त्र का चुकलं ते शोधता. त्याच रेकॉर्डिंगमध्ये जे लागलं तेही शोधा. बटण दाबताना समोर काय आहे हे मला कशावरून माहीत होतं, आयएफएफला, म्हणजे आपला की परका हे ओळखणाऱ्या यंत्रणेला, विचारलं होतं का, की ठिपका दिसला म्हणून मी शत्रू धरून चाललो? उत्तर सापडलं नाही, तर तो नेम लागलेल्यांत मोजू नका.