पट्टीचा ठोका

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात हिवाळ्यातल्या एका सकाळी मूकनाट्याची तालीम चालली होती. नाट्यगृहाचे मालक जॉन रिच विंगेत उभे राहून पाहत होते. त्यांनी १७२८ साली रंगमंचावर आणलेल्या ‘द बेगर्स ऑपेरा’चे पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग झाले होते. त्या कमाईच्या बळावर १७३२च्या डिसेंबरात हे नवं नाट्यगृह उघडलं. बोलक्या नाटकात रिच यांची कधी डाळ शिजली नाही. पण ठिगळाठिगळांचा पोशाख आणि काळा मुखवटा चढवून ते ‘लन’ या नावाने हार्लेक्विन या मूकनाट्यातल्या विनोदी पात्राच्या रूपात उभे राहिले, की त्यांचं अंगच बोलू लागे. अंड्यातून हार्लेक्विन बाहेर पडतो तो त्यांचा प्रवेश तर गाजलेला होता.

त्यांच्याकडे एक तरुण नर्तक होता. उडी अशी, की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. एका रात्री हार्लेक्विन त्याने करायचा असं ठरलं होतं. अडत मात्र होतं ते एकाच जागी. हार्लेक्विन हातातली लाकडी पट्टी झोपडीवर आपटतो आणि डोळ्यांदेखत झोपडीचा राजवाडा होतो. झोपडीचे रंगवलेले फलक बिजागऱ्यांवर बसवलेले होते. मागून दोर सुटले की ते खाली पडत आणि आतला राजवाडा उघडा होई. पण तरुण कधी गिरकी घेण्याआधीच पट्टी मारी, तर कधी घेतल्यावर फार उशिरा. अर्धी झोपडी, अर्धा राजवाडा असं काहीतरी विचित्र समोर उभं राही.

“मागची माणसं झोपली आहेत का?” तो ओरडला.

रिच काहीच बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या हातातली पट्टी काढून दुसऱ्या नर्तकाला दिली आणि याला बोटाने मागची वाट दाखवली.

झोपडीमागे अंधार होता. म्हाताऱ्या सुताराने एक दोर त्याच्या हातात दिला.

“धर पोरा. ठोका ऐकलास की सोड.”

“पण मला इथून रंगमंच दिसतच नाही!”

“आम्हाला तरी कुठे दिसतो?”

तरुण गप्प झाला. समोर व्हायोलिन वाजत होती, पावलं थापत होती, पण कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नव्हता. फलकाचं ओझं दोरावरून थेट खांद्यात उतरत होतं. समोरचा नर्तक पट्टी उगारून हवेत मिरवत राहिला आणि इकडे याचे तळवे सोलवटू लागले. मग अचानक ठोका पडला. हा दचकला, दोर उशिरा सुटला.

“तुम्ही रोज हे सोसता, मास्तर?”

“सोसायचं काय त्यात? ठोका वेळेवर पडला तर काहीच सोसावं लागत नाही.” म्हाताऱ्याने वर टांगलेल्या तारांकडे पाहिलं. “१७३६च्या ऑक्टोबरात इथंच उडत्या यंत्राची तार तुटली. माणसं खाली कोसळली, त्यात एकाचा जीव गेला. बोलक्या नाटकात काही चुकलं तर नट दोन वाक्यं पदरची घालून वेळ मारून नेतो. इथे तुझ्याकडे शब्द नाहीत. आमच्याशी बोलायला तुझ्याजवळ ही पट्टी तेवढी आहे.”

दिवसभर तो मागेच राहिला. दोर खुंटीवरून निघताना कप्पी बारीक कुरकुरते, हे त्याच्या कानाने टिपलं. ती कुरकुर म्हणजे मागची माणसं तयार असल्याची खूण. दुसऱ्या दिवसापासून तो ती ऐकूनच पट्टी उगारू लागला.

प्रयोगाची रात्र आली. मुख्य नाटक संपलं, मूकनाट्य सुरू झालं. तरुण झोपडीसमोर आला, गिरकी घेतली, हात वर गेला. पण कप्पी वाजली नाही. एक दोर अडकला होता. त्याने हात तसाच फिरवून पट्टी खांद्यावर टाकली, दाराला कान लावला, चवड्यांवर झोपडीभोवती एक फेरी मारली, आत कोणी आहे की काय अशा शंकेने कवाड हुंगलं. वादकांनी त्याची पावलं पाहून तोच सूर पुन्हा उचलला. प्रेक्षक हसू लागले. तेवढ्यात कप्पी कुरकुरली. ठोका पडला, सगळे फलक एका दमात कोसळले आणि राजवाडा झळाळून उठला. टाळ्या थांबेनात. काही अडलं होतं, हे समोरच्या कोणालाच कळलं नाही.

पुढे त्याच्या हाताखाली कोणी नवा हार्लेक्विन शिकायला आला, की तो त्याला आधी झोपडीमागे दोर धरायला उभा करी. उड्या मागाहून.

बोध: ज्याच्या हातात इशारा करण्याचं काम असतं, त्याने इशारा पाळणाऱ्याच्या जागी निदान एकदा उभं राहावं. तिथून काय दिसतं, काय ऐकू येतं, किती ओझं पेलावं लागतं, हे कळल्याशिवाय त्याने दुसऱ्याला दोष देऊ नये. चारचौघांच्या कामात आपला भाग चोख येणं ही निम्मीच तयारी असते. सोबत्यांची तयारी झाली की नाही, हे ओळखता येणं ही उरलेली निम्मी.