मोजणी कशासाठी?

सुरतेच्या नवागाममध्ये खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. आकड्यांचा मोह आपल्याला नवा नाही. १९६२ साली मुंबईत सुरू झालेला मटका गिरणी कामगारांत पसरला. आज जुगार मोबाईलवर आला आहे. जुगाराच्या संकेतस्थळाची लोकप्रियता भेटींवरून मोजतात. हरलेला मनुष्य गेलेले पैसे परत मिळवण्यास दहादा आला, तर दहा भेटी धरतात. त्याचा नाश हीच त्यांची वाढ! २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाईन खेळांना बंदी केली. पण मोहाला बंदी कोण करणार?

मेंढपाळानेही मेंढरे मोजली, पण हरवलेले एक शोधण्यासाठी (लूक १५). आपणही दर रविवारी उपस्थिती मोजतो. जो आला नाही, त्याच्या दारी आपण जातो काय?