रक्षकाचा विवेक

सद्हेतूनें केलेलें कर्म तेवढ्यानेंच सत्कर्म ठरतें काय? नीतिशास्त्रांतील या जुन्या प्रश्नावर आपल्या शरीरांतच एक विलक्षण भाष्य आढळतें.

सन १८८२ मध्यें मेसिना येथें मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत कांटा टोंचला, आणि त्याभोंवतीं फिरत्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. तेव्हांपासून पांढऱ्या रक्तपेशींना शरीराचें सैन्य मानण्याची कल्पना रूढ झाली. ती यथार्थ आहे. परंतु कण्याला जबर मार बसून मज्जारज्जु दुखावला, म्हणजे या सैन्याची खरी कसोटी लागते. कांहीं तासांतच पहिली तुकडी तेथें पोंचते. मागाहून येणाऱ्या भक्षक पेशी मृत अवशेष गिळून जागा स्वच्छ करितात. हें काम आवश्यकच होय. पण जंतुनाशासाठीं बाळगलेलीं दाहक द्रव्यें या पेशी जंतु नसतांही सोडतात, आणि आघातांतून वांचलेले शेजारचे मज्जातंतु त्यांत बळी पडतात. अन्यत्र जखम भरूं लागली कीं त्या ओसरतात. येथें मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतात.

मग त्यांना हांकलून द्यावें काय? १९९८ मध्यें इस्रायलमधील संशोधकांनीं विशेष रीतीनें चेतविलेल्या भक्षक पेशी पांगळ्या उंदरांच्या मज्जारज्जूंत सोडल्या, तेव्हां त्यांची हालचाल अंशतः परत आली. १९९९ मध्यें अमेरिकेंत रक्तांतील त्याच जातीच्या पेशी घटविल्या, तेव्हांही उंदरांची चाल सुधारली! माणसांत दाह सरसकट दडपणाऱ्या औषधावर १९९० मध्यें मोठी आशा ठेवली गेली. परंतु लाभ संशयास्पद आणि जंतुसंसर्गाचें भय अधिक, म्हणून २०१३ मध्यें अमेरिकन शल्यवैद्यांच्या संस्थांनीं त्याविरुद्ध सल्ला दिला. रक्षक निःशस्त्र केला तर शत्रु आंत शिरतो, मोकाट सोडला तर घरच उध्वस्त होतें.

पेशीला विवेक नाहीं, म्हणून तिला दोषही नाहीं. मनुष्याला ही सबब नाहीं. आजारी मुलाला जपणारी पित्याची दक्षता तें मूल मोठें झाल्यावरही तशीच राहिली, तर त्याचे पाय दुबळे होतात. संकटकाळीं केलेला कडक कायदा संकट टळल्यावरही चालूं राहिला, तर ज्यांच्या रक्षणार्थ तो केला त्यांनाच तो जाचतो. अशा वेळीं पिता आणि शासक आपल्या हेतूच्या शुद्धतेची ग्वाही देतात, आणि ती बहुधा खरीही असते. पण हेतु शुद्ध असल्यानें शेजारचा तंतु वांचत नाहीं. हांकेसरशीं धांवून जाणें हें रक्षकाचें अर्धें कर्तव्य; आपलें काम संपलें हें ओळखून शस्त्र खालीं ठेवणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच अधिक कठीण आहे.