साडेसदतीस हजारांची म्हैस

परंडा तालुक्यात सीनाकाठी एक गाव आहे, असं समजा. नकाशात शोधू नका. पूर मात्र खरा, सप्टेंबर 2025 चा.

त्याच वर्षी उन्हाळ्यात ग्रामसभेत वाजलं होतं. सरपंचबाईंना बॅटरीवरचा भोंगा, जाड दोर आणि मोठ्या बॅटऱ्या घ्यायच्या होत्या. खालच्या आळीतल्या दूधवाल्याला वेशीत कमान हवी होती. "टँकरनं पाणी पिणारं गाव आपलं, अन् तयारी पुराची? लोक हसतील!" लोक हसलेच. तरी बाईंनी भोंगा आणला.

पैसे पंचायतीचेच. राज्याच्या आपत्ती निधीत केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 टक्के असतात. त्यातले शंभरातले दहा रुपये पूर्वतयारीसाठी ठेवा, असं पंधराव्या वित्त आयोगानं सांगितलेलं होतं. पण मदतवाटपाचा फोटो छापून येतो, दोराच्या वेटोळ्याचा कोण छापणार? बाई त्या दहा रुपयांची वाट बघत बसल्या नाहीत.

पूर रात्री आला. भोंगा वाजला तशी पोरं ठरल्याप्रमाणे विळे घेऊन गोठ्यांत शिरली. दाव्याची गाठ भिजली की करकचते, अंधारात सुटत नाही. पोरांनी सोडत बसण्याऐवजी सरळ दावी कापली. दूधवाल्याची म्हैस पोटाला पाणी लागलेलं असताना निघाली आणि शाळेच्या टेकाडावर चढली.

पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला आले. पिकं गेली होती, काही रानांतली माती खरवडून गेली होती, ते लिहून झालं.

"जनावरं किती दगावली?"

"एकबी नाही."

वाचलेल्या जनावरांचा रकाना पंचनाम्यात नसतो.

शेजारच्या गावात दावणीलाच बुडालेल्या दुभत्या जनावरामागे 37,500 रुपये मिळणार, हे संध्याकाळी पारावर कळलं. दूधवाला उसळला. "त्यांना रोख पैसं, अन् आपल्याला काय? भोंगा!"

सरपंचबाई जवळच उभ्या होत्या. "भावजी, साडेसदतीस मी आत्ता मोजते. सोडा म्हैस."

पार गप्प झाला.

"लाखाची म्हैस हाय, वहिनी," तो पुटपुटला.

"मग येत्या ग्रामसभेत भोंग्याच्या नव्या बॅटरीचा विषय आहे. हात वर करा."

हात त्यानं वर केला. कमानीचा हट्ट मात्र अजून सोडलेला नाही.