सोय देणाऱ्यानेच तिची सीमा ठरवावी

जून २०२१ मध्ये राजस्थानातल्या उदयपूरच्या एका वृद्ध गृहस्थांची ऑनलाइन फसवणूक झाली आणि त्यांचे साडेसहा लाख रुपये गेले. ११ जूनला त्यांची तक्रार नोंदवली गेली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एफसीओआरडी या यंत्रणेने पैशाचा माग काढला. ती रक्कम तीन कार्डांवर वळवली गेली होती, आणि त्या कार्डांवरून एका मोठ्या ऑनलाइन दुकानात एकाच बनावटीचे ३३ मोबाइल फोन मागवले गेले होते. फोन पोहोचणार होते मध्य प्रदेशातल्या बालाघाटला. तिथल्या पोलीस अधीक्षकांना खबर मिळाली आणि त्या ३३ फोनांसह माणूस हाती लागला. फसवणुकीचा फोन करणारा झारखंडात पकडला गेला. तपास पुढे सरकला तसे आठ जण अटकेत आले आणि सुमारे ३०० नवे फोन जप्त झाले. चोरीच्या पैशाचे फोन घ्यायचे आणि ते थोडी सूट देऊन काळ्या बाजारात विकायचे, अशी ती साखळी होती.

बालाघाट हा वैनगंगेकाठचा, गोंदियाला लागून असलेला जिल्हा. धानाची शेती, राईस मिली, भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे ही त्याची ओळख. इथे कोणत्या मोठ्या बँकेचे मुख्यालय नाही की सॉफ्टवेअर कंपन्यांची वसाहत नाही. तरीही उदयपूरचा पैसा आणि झारखंडातला आवाज यांची गाठ इथे पडली. संगणकीय गुन्हा म्हणजे महानगरांची डोकेदुखी, अशी समजूत अजून कोणाची असेल, तर हे एक प्रकरण ती दूर करायला पुरेसे आहे.

पण मला या प्रकरणात त्याहून महत्त्वाची एक गोष्ट दिसते. गुन्हेगारांनी वापरले काय? मोबाइलची जोडणी, कार्डावरून चटकन होणारे पैसे आणि लहान गावापर्यंत माल पोहोचवणारी ऑनलाइन खरेदी. यातली एकेक गोष्ट कोणत्या ना कोणत्या व्यवसायाने विचारपूर्वक, ग्राहकांच्या सोयीसाठी आणि स्वतःच्या वाढीसाठी उभी केलेली आहे. ज्या रस्त्याने प्रामाणिक ग्राहक येतो, त्याच रस्त्याने चोर आला. दुकानाच्या विक्रीच्या नजरेने ३३ फोनांची मागणी म्हणजे चांगला दिवस. जोखमीच्या नजरेने तीच मागणी, एकाच बनावटीचा माल, तीन कार्डे आणि एक पत्ता, म्हणजे थांबून चौकशी करण्याची खूण. दोन्ही अर्थ एकाच नोंदीत असतात. त्यातला कोणता वाचायचा हे संगणक स्वतःहून ठरवत नाही. त्याला जे पाहायला सांगितले असेल तेच तो पाहतो.

म्हणून म्हणतो, की माहिती तंत्रज्ञान व्यवसायाच्या धोरणाशी जुळवणे आणि संगणकीय गुन्ह्यांची जोखीम सांभाळणे ही दोन वेगळी कामे मानू नयेत. व्यवसाय जेव्हा एखादी सोय द्यायचे ठरवतो, त्याच बैठकीत, त्याच माणसांनी त्या सोयीची सीमा ठरवली पाहिजे: किती रकमेपर्यंत, कोणासाठी, किती वेगाने, आणि काही बिनसले तर थांबवणार कोण. ही चार उत्तरे संगणक विभागावर सोडली, तर धोरण अर्धेच झाले.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुण्याचे आहे. कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, देशातल्या जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांचे सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. भारतातही रुपे कार्डांच्या २८४९ व्यवहारांतून अडीच कोटी काढले गेले. रविवार मधे गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळते झाले. एकूण रक्कम भरली ९४ कोटी ४२ लाख.

हे घडले कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा आपली मागणी बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच ती मुख्य बँकिंग प्रणालीला विचारतो: या खात्यात इतके पैसे आहेत का? होकार आला की यंत्रातून नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी या मार्गात स्वतःचा बनावट स्विच बसवला. जगभरातून आलेल्या मागण्या त्या बनावट स्विचकडे गेल्या आणि त्याने मुख्य प्रणालीला काहीही न विचारता सगळ्यांना होकार दिला. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही. गेले ते बँकेचे पैसे. बँकेची तिजोरी जाग्यावर होती, खातेवहीही जाग्यावर होती. खातेवहीला विचारण्याची जी एक पायरी होती, तेवढी नाहीशी झाली.

बनावट स्विच ओळखणे हे तंत्रज्ञांचे काम, यात शंका नाही. पण याच घटनेकडे संचालकांच्या जागी बसून पाहिले की निराळे प्रश्न उभे राहतात. पुण्याच्या सहकारी बँकेच्या ग्राहकांपैकी एका शनिवारी परदेशात पैसे काढणारे किती असतील? त्या सर्वांची मिळून नेहमीची रक्कम किती असते? ती दहापट झाली तर व्यवहार आपोआप थांबावेत की चालू राहावेत? सुट्टीच्या दिवशी ते थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असावा? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर प्रोग्राममध्ये सापडत नाही. ते आपल्या ग्राहकाच्या ओळखीत सापडते. आपला ग्राहक कोण, त्याला काय लागते, किती गैरसोय त्याला चालेल आणि किती नुकसान आपल्याला पेलेल, हे ज्याला माहीत, त्यानेच ही उत्तरे द्यायची असतात. संगणक विभाग सांगेल की अशी मर्यादा घालता येते. ती कितीवर घालावी, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

कॉसमॉसच्या प्रकरणात बनावट कार्डांनी देशात पैसे काढणाऱ्या टोळीतल्या अकरा जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवले. तपास यंत्रणांचे हे काम मोलाचे आहे. परंतु पैसे तासांत गेले आणि निकाल यायला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागला, हे अंतरही लक्षात घ्यावे. गुन्हा घडल्यानंतरचा न्याय समाजाला हवाच. व्यवसायाला मात्र गुन्हा घडत असतानाची अडवणूक हवी, आणि ती आधी ठरवून ठेवलेली असेल तरच त्या वेळी हाताशी असते.

रिझर्व्ह बँकेचे नियमही हळूहळू याच दिशेने आलेले दिसतात. कॉसमॉसच्या घटनेनंतर दोन महिन्यांत, ऑक्टोबर २०१८ मध्ये, नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आली. डिसेंबर २०१९ मध्ये तिचे चार स्तर केले गेले. हे स्तर ठरवताना पाहिले गेले की बँक किती डिजिटल सेवा देते आणि देयकांच्या जाळ्याशी किती जोडलेली आहे. फक्त शाखा चालवणाऱ्या बँकेला एक स्तर. इंटरनेट बँकिंग, स्विफ्ट, स्वतःचा एटीएम स्विच असलेल्या बँकेला वरचा. जितकी सोय द्याल तितकी राखण ठेवा, हे तत्त्व त्यात सरळ नियम म्हणून उतरले आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यापारी बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांसाठी आलेला आदेश, जो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला, आणखी पुढे जातो. संचालक मंडळाची माहिती तंत्रज्ञान धोरण समिती हवी आणि तिची बैठक किमान दर तिमाहीस व्हावी, असे तो सांगतो. माहिती सुरक्षेचा प्रमुख संगणक विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली असू नये आणि त्याला धंद्याचे कोणतेही उद्दिष्ट दिले जाऊ नये, असेही सांगतो. यामागची जाण खोल आहे. संगणक विभागाचे यश नवी सेवा वेळेत सुरू होण्यात असते, विक्री विभागाचे ग्राहक वाढण्यात. “जरा थांबा” म्हणणाऱ्याची नोकरी किंवा बढती यांपैकी कोणाच्या हातात असेल, तर तो फार काळ थांबा म्हणणार नाही. म्हणून त्याचा आवाज थेट मंडळाच्या टेबलापर्यंत पोहोचायला हवा.

इथे लहान संस्था एक रास्त अडचण पुढे करतात. आमचा सर्व्हर आमच्याकडे नाही, सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे, आम्ही काय ठरवणार? ३१ जुलै २०२४ ला देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांवर हाच प्रसंग आला. सी-एज या तंत्रज्ञान पुरवठादारावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, आणि तो पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक निगमाने त्या कंपनीची जोडणी काही काळ तोडली. तिच्यावर अवलंबून असलेल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांना त्या काळात यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार करता येईनात. काम बाहेर देता येते, पण ग्राहकाला द्यायचे उत्तर बाहेर देता येत नाही. पुरवठादार बंद पडला तर आपण किती दिवस हाताने काम चालवू शकतो, आपल्या नोंदींची प्रत त्याच्याखेरीज कुठे आहे, आणि त्याच्याकडे गडबड झाली तर आपल्याला किती वेळात कळवण्याचे बंधन करारात आहे: हे तिन्ही मालकाचेच निर्णय आहेत.

आता पुन्हा बालाघाटला येऊ. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, वारासिवनीकडचा एखादा राईस मिलवाला ठरवतो की आता दलालावर अवलंबून न राहता नागपूर, पुणे, मुंबईच्या ग्राहकांना चिन्नोर थेट ऑनलाइन विकायचा. हे त्याचे धोरण. त्यासाठी तो संकेतस्थळ काढतो, क्यूआर कोड छापतो, मुनिमाच्या फोनवर बँकेचे ॲप घेतो, व्यवहार व्हॉट्सॲपवर चालवतो. तंत्रज्ञान धोरणाशी जुळले, असे कोणीही म्हणेल. पण एके दिवशी ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने संदेश येतो: आमचे खाते बदलले, बारदान्याचे पैसे या नव्या खात्यात टाका. हा फसवणुकीचा जगभर चालणारा प्रकार आहे आणि त्यात कोणतेही कुलूप फोडावे लागत नाही. मुनीम प्रामाणिक असतो, घाईत असतो, आणि रक्कम एका बोटाने जाते.

त्या मिलवाल्याला महागडे यंत्र लागत नाही. संकेतस्थळ काढायचे ठरवले त्याच दिवशी त्याने चार गोष्टी लिहून ठेवायला हव्या होत्या. एका फोनवरून एका दिवसात किती रक्कम जाऊ शकते, आणि ती मर्यादा बँकेतच घालून घ्यायची. त्यावरची रक्कम एकाने भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, मग तो दुसरा घरातला का असेना. कोणाचेही खाते बदलले असे कळले, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत. आणि पैसे गेल्याचे लक्षात येताच लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवायचे. उदयपूरच्या गृहस्थांची तक्रार आली म्हणूनच तो माग बालाघाटपर्यंत लागला. गप्प बसलेल्या माणसाच्या पैशाचा माग कोणी काढू शकत नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. इतक्या सीमा घातल्या तर धंदा मंदावेल. मध्य प्रदेशात हमीभावाची धान खरेदी ई-उपार्जन प्रणालीतून होते. पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जातात. संशयाने ते पैसे आठवडाभर अडकले तर खताची उधारी आणि मजुरी कोण देणार? म्हणूनच सीमा ठरवणे हे सरसकट दारे लावून घेण्यापेक्षा अवघड काम आहे. धरण बांधताना सांडवा किती उंचीवर ठेवायचा हे पाऊस, शेती आणि खालची गावे पाहून आराखड्यातच ठरते. फार खाली ठेवला तर सिंचनाला पाणी उरत नाही, फार वर ठेवला तर भिंतीला धोका. तसेच इथे, ज्या सोयीवर ग्राहकाचा रोजचा व्यवहार चालतो तिला मोकळीक द्यावी आणि जी क्वचित लागते तिला आवर घालावा. ज्या खातेदाराने कधी परदेश पाहिला नाही, त्याचे कार्ड परदेशात बंद ठेवल्याने त्याचे काही बिघडत नाही. लागेल तेव्हा ते सुरू करता येते.

हा विचार मला कळकळीने मांडावासा वाटतो, कारण आपल्या भागातल्या पतसंस्था, सहकारी बँका, राईस मिली यांच्यामागे लहान माणसांची आयुष्यभराची बचत असते आणि ती बुडाली तर पुन्हा उभी राहत नाही. संस्थेच्या वार्षिक सभेत आपण लाभांश किती, कर्जे किती थकली, नवी शाखा कुठे हे विचारतो. मोबाइल ॲप सुरू झाल्याची घोषणा झाली की टाळ्या वाजवतो. तिथेच सभासदाने उभे राहून विचारावे: या ॲपमधून एका दिवसात जास्तीत जास्त किती रक्कम बाहेर जाऊ शकते, रविवारी रात्री ते थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि ही मर्यादा संचालकांनी कोणत्या बैठकीत ठरवली? उत्तर इतिवृत्तात सापडले तर ती संस्था तंत्रज्ञान स्वतः चालवते आहे. अध्यक्षांनी संगणक सांभाळणाऱ्या मुलाकडे बोट दाखवले, तर संस्थेचे धोरण अजून पुरे झालेले नाही, आणि ते पुरे करून घेणे हा सभासदाचा हक्क आहे.